इनेच्या डोक्यावरचे केस

बुलानगाय, १४ ऑगस्ट

लुडिविना,

फोन वाजला की मी उचलते, तू "लोमेंगला दे" म्हणतेस आणि मी फोन तुझ्या लेकीच्या हातात देते. कागदाला "लोमेंगला दे" म्हणता येत नाही, म्हणून पत्र लिहितेय. वाचायचं नसेल तर हाँगकाँगच्या कचऱ्यात टाक. पण निदान पहिलं पान वाच, कारण त्यात तुझ्या वस्तूबद्दल विचारायचं आहे.

जुलैच्या वादळात देवळाचं छप्पर गळलं. इनेला, आपल्या मारियामाउलीच्या मूर्तीला, काही झालं नाही. कोळीवाड्याच्या पोरांनी ताडपत्रीत गुंडाळून तिला घंटेच्या माळ्यावर नेलं आणि वर तिच्यासोबत पोरंही भिजत बसली. पण तिच्या डोक्यात पाणी मुरलं. वादळ ओसरल्यावर मी फणी घातली तर केसांचा पुंजकाच्या पुंजका हातात आला. बुरशी लागली होती. ते केस माझ्या आजीच्या वेळचे, त्यांचं काय चुकलं? आता इना डोक्याला पांढरा रुमाल बांधून बसली आहे, न्हाऊन आल्यासारखी. बायका येतात, बघतात आणि रडतात. मी रडले नाही, मला काम होतं.

सप्टेंबरात नदीवरची मिरवणूक. त्याआधी नवे केस हवेत. आणि यंदाच्या सणाची यजमानीण कोण, तर डोन्या ब्रिखिदा. नाव वाचून तू पत्र चुरगाळणार, मला माहीत आहे. चुरगाळ आणि परत सरळ कर. तिनं रविवारी मिस्सा संपल्यावर सगळ्यांसमोर जाहीर केलं की तिची नात प्रिन्सेस इनेला केस देणार. "निष्कलंक मुलीचे केस," असं म्हणाली आणि माझ्याकडे बघितलं. मीही तिच्याकडे बघितलं. नजर तिनं आधी काढली.

आता विचारते. तुझी वेणी माझ्याकडे आहे. तू कापून स्वयंपाकघरातल्या टेबलावर टाकून गेलीस ती मी बिस्किटांच्या मोठ्या डब्यात वाळ्याच्या मुळ्या घालून ठेवली आहे. एकही केस खराब झालेला नाही. तुझे बाबा वादळात समुद्रावर अडकले तेव्हा तू बारा वर्षांची होतीस. इनेसमोर उभी राहून तू म्हणालीस, "बाबांना परत आण, माझे केस तुझे." मी शेजारीच होते. बाबा परत आले. त्यानंतर तू केसांना कात्री लावू दिली नाहीस आणि सगळा गाव म्हणायचा, हे इनेचे केस, लुडिविना नुसती सांभाळते आहे.

मग लग्नाआधीच लोमेंग पोटात राहिली, आणि त्याच गावाला अचानक ते केस तुझे वाटायला लागले.

मला एका शब्दात कळव. घालू का?

तुझी आई,
विसितासिओन


बुलानगाय, ३० ऑगस्ट

लुडिविना,

एक शब्द मागितला होता, तू तीन पाठवलेस, तेही लेकीच्या तोंडून. "जाळून टाक म्हणावं." लोमेंग निरोप देऊन वर आजीलाच विचारते, "लोला, काय जाळायचंय? मी काड्या आणू?" पोरीला कसले निरोप सांगतेस? तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

जाळणार नाही. ते केस माझे नाहीत आणि आता तुझेही नाहीत. ज्या दिवशी तुझे बाबा होडी ओढत किनाऱ्यावर आले त्या दिवसापासून ते इनेचे आहेत. तुला राग माझा आहे, तो इनेवर काढू नकोस.

आणि तुझ्या रागाचंही आज बोलून टाकू. तू म्हणतेस, तू केस द्यायला आलीस आणि डोन्या ब्रिखिदानं तुला देवळाच्या दारातून परत पाठवलं तेव्हा मी पडद्याआड होते आणि सगळं ऐकत होते. होते. ऐकलं. "डागाळलेल्या मुलीचे केस इनेच्या डोक्यावर चढणार नाहीत," हे तिचे शब्द मला शिंप्याच्या सुईसारखे कानात गेले. माझ्या हातात इनेचा झगा होता, एका बाहीत हात घातलेला आणि दुसरा मोकळा. मी तिला तशी उघडी टाकून बाहेर यायची? कामारेरा आहे मी. इनेला कपडे घालणारी. माझी आई होती, तिची आई होती. पडदा लावला की आत आम्हीच. फादरलासुद्धा आत यायची मुभा नाही, कारण इना आत वस्त्र बदलते आहे. मी तिची बाही चढवली, कमरेची नाडी बांधली आणि बाहेर आले. तोवर तू गेली होतीस. याबद्दल मी माफी मागणार नाही. तू कितीही वर्षं "लोमेंगला दे" म्हण, मागणार नाही.

त्यानंतरही मी इनेची चाकरी सोडली नाही, म्हणून तू मला "त्यांची मोलकरीण" म्हणालीस. बाई गं, सोडली असती तर इनेच्या वस्त्रांच्या कपाटाची किल्ली कुणाच्या कमरेला लागली असती? विचार केलास कधी?

असो. काल फादर नेस्टरच्या घरी बैठक झाली. हे नवे फादर, तरुण आहेत, गोड बोलतात आणि सगळ्यांना खूश ठेवायला बघतात. मी सरळ सांगितलं, "फादर, इनेला बोललेले केस माझ्या घरात पडून आहेत. नवसाचे आहेत. दुसऱ्यांचे घ्यायचं कारण काय?"

डोन्या ब्रिखिदानं हातातला पंखा मिटला. "मानाय बिसिंग," मला मानानं ताई म्हणत, टोपणनावानं हाक मारत ती म्हणाली, "तो विषय झालेला आहे. त्या मुलीनं काय केलं ते सगळ्या गावाला माहीत आहे."

"काय केलं? एक पोर जन्माला घातलं. इनेच्या हातात काय आहे, डोन्या, भोपळा आहे?"

फादरना हसू आलं, त्यांनी ते खोकल्यात घातलं. पण लगेच म्हणाले, "मानाय, यजमानीणबाईंनी आधीच जाहीर केलंय. सणाच्या तोंडावर वाद नको. पुढे कधीतरी बघू."

"केस पुढे कधीतरी उगवणार आहेत का फादर? इना आता बोडकी आहे."

मग डोन्या हळू आवाजात बोलली. तिचा आवाज हळू झाला की समजायचं, चावणार आहे. "जमत नसेल तर किल्ली ठेवा इथे. माझी भाची करेल ते काम. तिनं शहरात ब्यूटी पार्लरचा कोर्स केलाय."

ब्यूटी पार्लर! इनेला!

लुडिविना, त्या क्षणी कमरेची किल्ली मला गरम लागली. ती दिली असती तर माझ्या आईचं काम माझ्या हातून गेलं असतं, आणि तुझी वेणी डब्यातच म्हातारी झाली असती. मी मान हलवली. होकारार्थी हलवली असं त्यांना वाटलं. कशाला हलवली, ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

मला तुझी परवानगी हवी होती. आता नको. इनेची आहे.

आई


बुलानगाय, ८ सप्टेंबर

लुडिविना,

आज इनेचा वाढदिवस. लोमेंगनं तांदळाच्या केकचा, बिबिंग्काचा तुकडा तिच्या पायाशी ठेवला आणि वर फुंकर मारली, मेणबत्ती नव्हती तरी.

तुला हसू येईल अशी गोष्ट सांगते. प्रिन्सेसचे केस आले. स्वतः प्रिन्सेसच घेऊन आली, पार्लरच्या गुलाबी पिशवीतून, आजीच्या गाडीतून. आता तिचे केस कानापर्यंतच उरलेत, बरी दिसते. मी पिशवी उघडली आणि नाकाला रुमाल लावला. औषधाचा वास! पोरीनं केस सरळ करून घेतले होते, ते काय म्हणतात ते रिबॉन्डिंग. शिवाय टोकाला तांबडा रंग. तुला माहीत आहे, इनेचे केस कुरळे लागतात, खांद्यावर बटा पडायला हव्यात. मी एक पुंजका गुगोच्या फेसाळ सालीच्या पाण्यात धुतला, बांबूच्या काडीवर गुंडाळला, उन्हात वाळवला. काडी काढली तर झाडूसारखा सरळ. पुन्हा केलं, पुन्हा सरळ. टोपाच्या जाळीवर गाठ मारायला गेले तर केस तुटून हातात. त्या आजीनं सगळ्या गावासमोर निष्कलंक म्हणून मिरवलेले केस बटसुद्धा धरत नव्हते.

प्रिन्सेस ओट्याशी उभी राहून सगळं बघत होती. मला वाटलं, रडेल. तर म्हणाली, "लोला बिसिंग, तुमच्याकडे ती वेणी आहे ना अजून?"

"कुठली वेणी?"

"सगळ्यांना माहीत आहे कुठली."

मी गुलाबी पिशवी आवरायला लागले. डोन्याची नात ती, तिच्यासमोर काय बोलणार?

ती म्हणाली, "मी इनेकडे काही मागितलेलंच नाही. नवस आजीनं बोलला, माझ्या डोक्यावरचा. मला पार्लरमध्ये नेऊन बसवलं आणि कात्री चालवली. हे केस इना कशाला घेईल? तिनं मला काय दिलंय याच्या बदल्यात?"

पोर सोळा वर्षांची. डोन्याच्या घरात एवढी अक्कल कुठून आली, देवाला ठाऊक. मी तिला बसवलं, कॉफी दिली, गोड बिस्किटं दिली. आणि बिस्किटं काढताना दुसरा डबाही उघडला.

वेणी बाहेर आली तशी खोलीत वाळ्याचा वास पसरला. लोमेंग धावत आली. "हे कुणाचे केस?"

"तुझ्या आईचे."

तिनं वेणी उचलून गालाला लावली. मग फोन आणून त्यातला तुझा फोटो शेजारी धरला, ज्यात तुझे केस पोरांसारखे बारीक कापलेले आहेत. खूप वेळ एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिली. "आईचे केस असे होते?" म्हणाली. "असेच," मी म्हटलं आणि फणी घ्यायला उठले.

मी वेणी सोडली, धुतली, बटा वळल्या. तुझ्या केसांनी पहिल्याच उन्हात वळण धरलं. प्रिन्सेस रोज दुपारी येऊन पुंजके निवडून देते. आजीला सांगते, "केस बसवायला मदत करतेय." खोटं नाहीच ते. लोमेंग मला सुईत केस ओवून देते, अर्धे सांडते. आम्ही तिघी मिळून तुला जाळीवर एकेक गाठीनं बांधतो आहोत.

उद्या इनेला सजवायचं. पडदा लावला की आत मी.

तू मनाई केली होतीस, हे मी विसरलेले नाही. रागाव. पण उशिरा रागावशील, कारण हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा काम झालेलं असेल.

आई


बुलानगाय, १८ सप्टेंबर

लुडिविना,

झालं. बैस आणि वाच. उभ्यानं वाचू नकोस.

इनेला सजवल्यावर मी पडदा सरकवला आणि सगळ्या देवळानं एकदम श्वास घेतला. निळा झगा, सोन्याचा मुकुट आणि खांद्यावरून कमरेपर्यंत काळ्याभोर बटा. म्हाताऱ्या बायका म्हणाल्या, इना तरुण झाली. डोन्या ब्रिखिदा सगळ्यांचे हात हातात घेत फिरली. "माझ्या प्रिन्सेसचे," म्हणायची, "माझ्या प्रिन्सेसचे." मी ऐकून घेतलं. सणाचे सगळे दिवस ऐकून घेतलं. इतकी गप्प मी जन्मात बसले नव्हते, लोमेंगला वाटलं माझी दाढ दुखते.

माझा विचार काय होता सांगू? गप्पच राहायचं. नवस फिटला, इनेला माहीत, मला माहीत, बास. पण मिरवणुकीच्या दिवशी नदीच्या घाटावर वेगळंच झालं.

इनेला पडावावर चढवायची वेळ झाली होती. कोळ्यांची पोरं अनवाणी, डोक्याला रुमाल बांधून दोर धरून उभी. आम्ही बायका नेहमीप्रमाणे किनाऱ्यावर. बाई पाय ठेवेल तर पडाव बुडतो म्हणे. त्यावर मधोमध जी उभी असते ती कोण आहे, हे मी लहानपणापासून विचारत आले आहे आणि उत्तर कुणी दिलेलं नाही.

डोन्या पुढे होती, फादर शेजारी. तिनं फादरचा लाउडस्पीकर हातात घेतला. आभार मानले, देणग्या सांगितल्या आणि मग लोमेंगवर तिची नजर गेली. लोमेंग माझा हात धरून उभी होती, पांढऱ्या फ्रॉकमध्ये, हातात मेणबत्ती. डोन्या म्हणाली, "आपल्या गावात अशाही मुली झाल्या, ज्यांनी इनेला दिलेला शब्द धुळीला मिळवला. पण माझ्या नातीनं..."

लोमेंगनं वर बघून मला विचारलं, "लोला, माझ्या आईबद्दल बोलते का ती?"

लुडिविना, मी माझी मेणबत्ती लोमेंगच्या दुसऱ्या हातात दिली आणि पुढे गेले. लाउडस्पीकरची मला गरज नाही, माझा आवाज तुला ठाऊक आहे.

"डोन्या, ते केस माझ्या लुडिविनाचे आहेत!"

घाटावरच्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. पोरांनी दोर धरलेले तसेच. डोन्या हसली. "म्हातारीला ऊन लागलं."

तेवढ्यात मागून प्रिन्सेस म्हणाली, "नाही आजी. माझे केस घरी आहेत, गुलाबी पिशवीत. तुझ्याच कपाटात ठेवलेत मी."

डोन्याचं तोंड असं झालं की मला क्षणभर तिची कीव आली. क्षणभरच. मग ती किंचाळली, "काढा! आत्ता काढा ते! फादर, सांगा हिला!"

फादर घामाघूम. नदीकडे बघतात, लोकांकडे बघतात. शेवटी म्हणाले, "मानाय बिसिंग, कृपा करून काढा. नंतर आपण बसून बोलू."

मी म्हणाले, "फादर, इनेच्या डोक्याला हात लावायचा तर पडदा लावावा लागेल. हा तुमचा नाही, तिचा नियम आहे. पडद्याआड कामारेरा जाते. आणि कामारेरा मी आहे. मी जाणार नाही."

"मग दुसरं कुणी..."

मी कमरेची किल्ली काढली आणि तळहातावर धरली. "घ्या. ज्या बाईला इनेला सगळ्या गावासमोर बोडकं करायचं असेल तिनं पुढे यावं. किल्ली तिची. डोन्या, तुमची भाची आहे ना, पार्लरवाली? बोलवा."

भाची मागच्या मागे सरकली. मी सगळ्या बायकांच्या तोंडाकडे बघितलं. तुला परत पाठवलं त्या दिवशी देवळाच्या दारात ज्या ज्या होत्या, त्याही होत्या तिथे. कुणी मान खाली घातली, कुणी जपमाळ चाचपली. एकही बाई पुढे आली नाही. फादर स्वतः जाऊ शकत नव्हते. डोन्या जाऊ शकत होती, तीही गेली नाही. तिनं मिटलेला पंखा छातीशी धरला. तिलाही इनेची भीती वाटते, एवढं तिच्यासाठी सांगते.

मग मासे विकणारी ती तोंडाळ सेफेरिना, जी तुला लहानपणी शेपटीचे तुकडे फुकट द्यायची, तिनं टोपली खाली ठेवली आणि घसा फोडून ओरडली, "विवा ला विर्खेन! माउलीचा विजय असो!"

"विवा!" कोळ्यांची पोरं ओरडली.

"विवा!" बायकांनी रुमाल उडवले. फादरनी डोळे मिटले आणि हात वर केला. आशीर्वादाचा की शरण आल्याचा, मला कळलं नाही, पोरांना तो निघायचा इशारा वाटला. त्यांनी दोर ओढले. पडाव सुटला. नदीवर वारा होता, इनेच्या बटा उडत होत्या. लोमेंग किनाऱ्यावरून पडावाबरोबर धावत सुटली, "आई! आई!" ओरडत. लोकांना वाटलं, पोर इनेला हाक मारते आहे, इना म्हणजे आईच ना. काही बायका तिच्या मागे धावल्या. मी नाही धावले, गुडघे धरतात, पण मी रडले. यावेळी काम नव्हतं मला.

दुसऱ्या दिवशी किल्ली मागितली. कमिटीची सभा, ठराव, सह्या, सगळं यथासांग. मी किल्ली दिली. माझ्या आईची किल्ली होती, देताना आतडं तुटलं, हे तुझ्यापासून लपवत नाही. पण त्यांनी किल्लीच मागितली. केसांचं नाव कुणी काढलं नाही. इना पुन्हा तिच्या जागी बसली आहे, तुझे केस डोक्यावर घेऊन. माझ्यानंतरही तशीच बसेल, तुझ्यानंतरही. नवी कामारेरा भाचीच आहे. तिला फणी कशी धरायची ते शिकवायला मी मंगळवारी जाणार आहे, नाहीतर ती बटा सरळ करून ठेवेल.

तू म्हणायचीस, त्या दिवशी मला पडद्याआडून बाहेर यायला उशीर झाला. म्हण. या वेळी मी आत गेले नाही.

या गावातली एकही बाई कधी पडावावर चढली नव्हती. तू चढलीस, मधोमध उभी राहून अख्खी नदी गेलीस, आणि पडाव बुडाला नाही.

तुझा नवस फिटला, लुडिविना. लोमेंग विचारते आहे, आई आता केस वाढवेल का? मी तिला सांगितलं, आईला विचार. वाढव, नाहीतर कापत राहा. इनेचे इनेकडे पोचले. आता डोक्यावर उगवतील ते तुझे.

आई